जीटीके ४ आणि पायथन: स्वतःचा कंटेनर विजेट लिहायचा कसा

जीटीके म्हणजे विंडो, बटणं वगैरे बनवायची लायब्ररी. तिच्यात विजेट्सना (पडद्यावरच्या घटकांना) आत घेऊन मांडणारे कंटेनर तयार मिळतात: बॉक्स आहे, ग्रिड आहे, स्टॅक, ओव्हरले, पेन्ड सगळं आहे. रोजची बहुतेक कामं एवढ्यात भागतात आणि भागत असतील तर नवा कंटेनर लिहिण्याच्या फंदात पडू नये, हे आधीच सांगून टाकतो. पण कधीतरी अशी मांडणी हवी असते की बॉक्समध्ये बॉक्स आणि त्यात आणखी एक बॉक्स घालूनही ती काही केल्या जमत नाही. तेव्हा स्वतःचा कंटेनर लिहिणं हाच सरळ रस्ता. तो वाटतो तेवढा अवघड नाही. मात्र नेटवरची उदाहरणं जीटीके ३ च्या काळातली असतील, तर तो विनाकारण अवघड होऊन बसतो.

या लेखात आपण टॅगांची पट्टी बांधणार आहोत. छोटी छोटी बटणं एकापुढे एक ओळीत लागतील, ओळ भरली की पुढचं बटण खालच्या ओळीत जाईल, विंडो रुंद केली की पुन्हा वर येईल. जीटीकेचा फ्लोबॉक्स साधारण असंच काहीतरी करतो, पण तो चाइल्ड, म्हणजे आतल्या, विजेट्सना ग्रिडसारख्या रकान्यांत बसवतो, त्यामुळे आखूड टॅगच्या शेजारी मोकळी जागा उरते. लिबअद्वैता या जीटीकेवर बांधलेल्या लायब्ररीच्या १.७ आवृत्तीपासून रॅपबॉक्स नावाचा तयार विजेट मिळतो आणि तुमचा प्रोग्रॅम आधीच लिबअद्वैतावर असेल तर खुशाल तोच वापरा. इथे शिकण्यासाठी हे उदाहरण घेतलं, कारण त्यात रुंदीवर उंची अवलंबून असते आणि कंटेनरमधला खरा पेच तोच आहे.

नावांबद्दल एक सूचना. क्लास आणि फंक्शनांची नावं मी देवनागरीत लिहितोय. एडिटरमध्ये ती मूळ रोमन स्पेलिंगनेच टाइप करायची. ‘डू_मेझर’ असं दिसलं की मध्ये अंडरस्कोर आहे आणि सगळी अक्षरं लहान लिपीतली आहेत असं समजा. तुम्हाला पायथनचे क्लास आणि वारसा माहीत आहे, आणि जीटीकेची एखादी साधी विंडो तुम्ही उघडून पाहिली आहे, एवढं मी गृहीत धरतो.

आधी जुनं सामान बाजूला काढा

जीटीके ३ मध्ये कंटेनर नावाचा एक बेस क्लास होता. त्याच्यापासून आपला क्लास काढायचा, मग डू_अ‍ॅड, डू_रिमूव्ह, डू_फोरऑल, डू_चाइल्ड_टाइप अशी मेथडांची रांग लिहायची. चाइल्ड विजेट्सची यादी आपणच सांभाळायची. त्यातली डू_फोरऑल पायथनमध्ये विशेष त्रासदायक. जीटीके ती केव्हाही बोलावतं, अगदी आपल्या इनिटमध्ये यादी तयार होण्याआधीही, आणि मग ‘असा अ‍ॅट्रिब्यूटच नाही’ म्हणून पायथन ओरडतं.

डिसेंबर २०२० मध्ये जीटीके ४ आलं आणि कंटेनर हा क्लासच गेला. त्याच्याबरोबर एकच चाइल्ड ठेवणारा बिनही गेला. आता कुठल्याही विजेटला चाइल्ड असू शकतात आणि त्यांची साखळी विजेट स्वतःच धरून ठेवतं. म्हणजे पहिला चाइल्ड कोण, शेवटचा कोण, याच्या पुढचा कोण, मागचा कोण हे सगळं जीटीकेला माहीत असतं. आपल्याला फक्त तीन गोष्टी सांगायच्या उरतात: चाइल्ड आत घ्यायचा कसा, जागा किती लागेल, आणि मिळालेली जागा वाटायची कशी.

एखाद्या उदाहरणात डू_फोरऑल दिसलं, की ते जीटीके ३ चं आहे हे ओळखा आणि त्यातला कोड उचलू नका.

पायरी १: रिकामा क्लास

फाइलच्या सुरुवातीला जीआय (पायथनला जीटीकेशी जोडणारं मॉड्यूल) इंपोर्ट करा आणि रिक्वायर_व्हर्जनने जीटीकेची ४.० आवृत्ती मागा. हे रिपॉझिटरीतून जीटीके इंपोर्ट करण्याच्या आधी व्हायला हवं. नाहीतर मशीनवर दोन्ही आवृत्त्या असतील तेव्हा कोणती हाती लागेल ते तुमच्या हातात राहत नाही.

मग जीटीके डॉट विजेटपासून आपला क्लास काढा. नाव ठेवू ‘टॅगपट्टी’. इनिटमध्ये सर्वांत पहिली ओळ सुपरच्या इनिटची. ती बोलावेपर्यंत मागचा सी भाषेतला ऑब्जेक्ट तयार झालेला नसतो, आणि त्याआधी विजेटच्या कुठल्याही मेथडला हात लावला की गडबड. याच ओळीत सीएसएस_नेम हा प्रॉपर्टीसारखा पाठवून द्या, म्हणजे नंतर स्टाइलशीटमध्ये तुमच्या विजेटला नावाने धरता येईल. हे नाव ऑब्जेक्ट तयार होतानाच देता येतं, मागाहून नाही.

त्याखाली दोन बटणांमधलं अंतर ठेवा. लेखात आपण ते ६ पिक्सेल धरू. ते जीऑब्जेक्टची प्रॉपर्टी म्हणून जाहीर केलंत तर उत्तम. मात्र त्याचा सेटर लिहिताना शेवटी क्यू_रीसाइज बोलवायला विसरू नका. अंतर बदललं म्हणजे लागणारी जागा बदलली, आणि ही बातमी जीटीकेला तुम्हीच द्यायची असते.

सारख्या दिसणाऱ्या तीन मेथडांतला फरक इथेच लक्षात घ्या. क्यू_ड्रॉ म्हणजे फक्त पुन्हा रंगव. क्यू_अलोकेट म्हणजे एकूण जागा तेवढीच लागते, पण आतली मांडणी पुन्हा कर. क्यू_रीसाइज म्हणजे मोजमापापासून सगळं नव्याने. शंका असेल तर क्यू_रीसाइज. थोडं जास्त काम होईल, पण चित्र चुकणार नाही.

पायरी २: चाइल्ड आत घेणं आणि बाहेर काढणं

‘अपेंड’ नावाची मेथड लिहा. तिच्यात काम एकच: चाइल्डची सेट_पॅरेंट मेथड बोलावून तिला सेल्फ द्यायचं. झालं. चाइल्ड साखळीच्या शेवटी जोडला जातो आणि तो दृश्य असेल तर नव्याने मोजमाप करायची विनंतीही जीटीके आपण होऊन नोंदवतं. मधेच कुठेतरी घुसवायचा असेल तर चाइल्डवरच इन्सर्ट_बिफोर किंवा इन्सर्ट_आफ्टर असतं. चाइल्ड आधीपासून तुमच्याच पट्टीत असेल तर याच मेथडा त्याची जागा बदलण्याच्या कामीही येतात.

जो विजेट आधीच दुसऱ्या कुणाचा चाइल्ड आहे, त्याला थेट सेट_पॅरेंट करू नका. जीटीके टर्मिनलवर तक्रार करतं आणि तुमचं काही ऐकत नाही. आधी जुन्या घरातून काढा, मग नव्यात घ्या.

‘रिमूव्ह’ मध्ये चाइल्डचा पॅरेंट खरंच आपणच आहोत ना हे तपासा आणि अनपॅरेंट बोलवा. हे तपासणं टाळू नका. अनपॅरेंट कुणाचाही चाइल्ड विनातक्रार सोडवून देतं, आणि चुकून भलत्याच कंटेनरमधला विजेट गायब झाला तर तो शोधता शोधता नाकी नऊ येतात.

चाइल्ड विजेट्सची वेगळी पायथन लिस्ट ठेवायचा मोह इथे होतो. ठेवू नका. एकाच गोष्टीच्या दोन नोंदी झाल्या की त्या कधी ना कधी एकमेकींशी जुळेनाशा होतात. गेट_फर्स्ट_चाइल्डने सुरुवात करायची आणि गेट_नेक्स्ट_सिब्लिंगने नन येईपर्यंत पुढे जात राहायचं, एवढं पुरतं. फिरता फिरता चाइल्ड काढून टाकणार असाल तर आधी पुढचा कोण ते एका व्हेरिएबलमध्ये धरा, मग हातातला काढा; कारण काढल्यावर त्याला ‘तुझ्या पुढचा कोण?’ विचारून काही उपयोग नसतो.

पायरी ३: ओळींचा हिशोब, एकदाच आणि एकाच ठिकाणी

कंटेनर लिहिताना जीटीके आपल्याला दोन वेगवेगळ्या वेळी दोन प्रश्न विचारतं. पहिला: तुला जागा किती हवी? दुसरा: ही घे जागा, आता आतल्यांना वाट. नवखा माणूस पहिल्याचं उत्तर डू_मेझरमध्ये आणि दुसऱ्याचं डू_साइज_अलोकेटमध्ये लिहितो, दोन्हीकडे ओळी मोडायचं गणित वेगवेगळं करतो, आणि दोन्ही गणितांत एका अंतराचा फरक पडतो. परिणाम असा की मोजताना दोन ओळी निघतात, वाटताना तीन होतात, आणि तिसरी ओळ खालच्या विजेटवर जाऊन बसते.

म्हणून गणित एकाच मेथडमध्ये ठेवा आणि दोन्हीकडून तीच बोलवा. मी तिला ‘ओळी_लाव’ म्हणतो. (पायथन ३ ला असं देवनागरी नाव चालतंसुद्धा, फक्त सहकाऱ्यांचा कीबोर्ड आधी बघून घ्या.) तिला रुंदी द्यायची आणि तिने ओळींची यादी परत करायची. प्रत्येक ओळीत कोणते चाइल्ड, प्रत्येकाची रुंदी किती, आणि ओळीची उंची किती.

आतलं काम असं. प्रत्येक चाइल्डला आधी विचारा की तुला मांडणीत घ्यायचं का. त्यासाठी शुड_लेआउट आहे. नुसतं गेट_व्हिजिबल पुरत नाही, कारण पॉपओव्हर (वर तरंगणारी छोटी खिडकी) सेट_पॅरेंट केलेला असेल तर तोही साखळीत दिसतो, दृश्यही असतो, पण त्याची स्वतःची वेगळी सरफेस असते. त्याला ओळीत जागा द्यायची नसते. शुड_लेआउट या दोन्ही गोष्टी बघून हो किंवा नाही सांगतं.

मग चाइल्डची मेझर मेथड आडव्या दिशेने, उणे १ देऊन बोलवा. उणे १ म्हणजे ‘दुसऱ्या दिशेची काही अट नाही’. पायथनमध्ये चार आकडे एकत्र परत येतात: किमान, नैसर्गिक, आणि दोन्हींच्या बेसलाइन (मजकूर ज्या रेषेवर बसतो ती). आपल्याला पहिले दोन हवेत. चाइल्डची रुंदी शक्यतो नैसर्गिक ठेवायची. उपलब्ध रुंदी त्याहून कमी असेल तर तेवढीच. पण किमान रुंदीच्या खाली कधीच जायचं नाही. त्यानंतर चाइल्डला उभ्या दिशेने, ठरलेली रुंदी देऊन पुन्हा मेझर करा आणि नैसर्गिक उंची घ्या. आता हा चाइल्ड चालू ओळीत मावतो का ते बघा. ओळ रिकामी असेल तर तो मावतोच, मग तो कितीही रुंद असो. रिकामी नसेल तर आतापर्यंतची रुंदी, अधिक अंतर, अधिक त्याची रुंदी हे सगळं उपलब्ध रुंदीत बसायला हवं. नाही बसलं तर नवी ओळ.

आकड्यांवर चालवून बघू. चार बटणं, रुंदी ८०, १२०, ६० आणि १०० पिक्सेल. उंची प्रत्येकी ३४. मिळालेली रुंदी २२०. पहिलं बटण ८०. दुसरं घातलं तर ८० + ६ + १२० = २०६, बसलं. तिसरं घातलं तर २०६ + ६ + ६० = २७२, नाही बसत. म्हणून दुसरी ओळ ६० पासून सुरू. चौथं आलं, ६० + ६ + १०० = १६६, बसलं. दोन ओळी, उंची ३४ + ६ + ३४ = ७४. हेच ३०० रुंदीला केलं तर पहिल्या ओळीत तीन बटणं जातात, चौथं एकटं खाली राहतं, उंची पुन्हा ७४. रुंदी ३७८ झाली की सगळी एका ओळीत आणि उंची फक्त ३४. अंतर हे दोन बटणांच्या मध्ये असतं. शेवटच्या बटणानंतर ते मोजलंत तर ३७८ ला एक ओळ होत नाही, ३८४ लागतात. अशा सहा पिक्सेलांच्या चुका नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. ही चार बटणं आणि हे आकडे घेऊन एक छोटी टेस्ट लिहून ठेवा, विंडो न उघडताही ओळींचं गणित तपासता येतं. त्यासाठी ओळी मोडणारा भाग फक्त आकडे घेणारा, विजेटला हात न लावणारा असा वेगळा केलात तर अधिकच बरं.

पायरी ४: ‘किती जागा हवी?’ चं उत्तर

आता डू_मेझर. जीटीकेच्या सी मधल्या व्हर्च्युअल मेथडा पायथनमध्ये ओव्हरराइड करायच्या तर नावाआधी ‘डू_’ लावायचं, हा पायगॉब्जेक्टचा (जीआय मॉड्यूल देणाऱ्या लायब्ररीचा) नियम. स्पेलिंग चुकलं तर कुणीही ओरडत नाही. पायथनच्या दृष्टीने तुम्ही एक नवी मेथड लिहिली, बस्स. जीटीके मात्र मूळचीच मेथड चालवतं, आणि ती किमान शून्य, नैसर्गिक शून्य असं सांगते. विंडो उघडली पण विजेट दिसतच नाही, अशी तक्रार असेल तर सर्वांत आधी स्पेलिंग बघा.

डू_मेझरला दिशा आणि ‘फॉर_साइज’ मिळतं. परत चार आकडे द्यायचे. बेसलाइनशी आपल्याला कर्तव्य नाही म्हणून शेवटचे दोन उणे १. चारच्या चार द्या आणि ते पूर्णांक असू द्या. भागाकार करायची वेळ आली तर दोन तिरप्या रेघांचा.

आडवी दिशा सोपी. किमान रुंदी म्हणजे सर्वांत रुंद चाइल्डची किमान रुंदी, कारण अगदी अडचणीत प्रत्येक ओळीत एकच चाइल्ड ठेवता येतो. आपल्या उदाहरणात १२०. नैसर्गिक रुंदी म्हणजे सगळे एका ओळीत बसले तर लागणारी रुंदी, म्हणजे ३७८.

उभी दिशा थोडी विचार करून. फॉर_साइजमध्ये रुंदी मिळाली असेल तर ओळी_लावला ती द्या आणि सगळ्या ओळींच्या उंच्या आणि मधली अंतरं यांची बेरीज किमान आणि नैसर्गिक दोन्ही म्हणून परत करा. पण फॉर_साइज उणे १ असेल तर? रुंदीच माहीत नाही, उंची कशी सांगणार? अशा वेळी किमान रुंदी धरून उंची सांगायची. १२० पिक्सेल रुंदीला आपली चार बटणं चार ओळींत जातात, उंची १५४. ही सर्वांत वाईट परिस्थितीची उंची, म्हणून ती सांगितली की कुठेच कमी पडत नाही.

आणि हे सगळं करूनही विंडो बारीक केल्यावर पट्टी एकाच उंचीला अडून बसते, असा अनुभव जवळजवळ प्रत्येकाला येतो. कारण डू_गेट_रिक्वेस्ट_मोड लिहायचं राहून गेलेलं असतं. साध्या विजेटचा मूळ मोड ‘कॉन्स्टंट साइज’ असतो, म्हणजे रुंदी आणि उंचीचा एकमेकींशी संबंध नाही. त्या मोडमध्ये जीटीके तुमच्या डू_मेझरला फॉर_साइज कायम उणे १ च पाठवतं. तुम्ही कितीही सुंदर गणित लिहा, रुंदी आतपर्यंत पोचतच नाही. तेव्हा ही मेथड लिहा आणि ‘हाइट फॉर विड्थ’ परत करा. ओळ एकच आहे, पण तिच्यावाचून पायरी ३ मधला सगळा घाम वाया जातो.

पायरी ५: जागेची वाटणी

डू_साइज_अलोकेटला रुंदी, उंची आणि बेसलाइन मिळते. इथे नावांचा एक गोंधळ आहे. ओव्हरराइड करायची मेथड रुंदी-उंची घेते, पण चाइल्डवर बोलवायची साइज_अलोकेट मेथड जीडीकेचा रेक्टँगल घेते. नाव एक, आर्ग्युमेंट वेगळी. चाइल्ड फिरवायचा किंवा लहान-मोठा करून दाखवायचा असेल तर अलोकेट नावाची मेथड ट्रान्सफॉर्मही घेते. आपल्याला नुसता सरकवायचा आहे, तेव्हा रेक्टँगल पुरे.

ओळी_लाव पुन्हा बोलवा, आता खऱ्या रुंदीने. वाय शून्यापासून सुरू. प्रत्येक ओळीत एक्स शून्यापासून. प्रत्येक चाइल्डला एक्स, वाय, त्याची रुंदी आणि ओळीची पूर्ण उंची द्या. चाइल्ड ओळीपेक्षा बुटका असेल तर तो वर राहील, मध्ये की ताणला जाईल, हे त्याचं व्हीअलाइन ठरवेल. ते काम तुम्ही अंगावर घेऊ नका. मग एक्स पुढे सरकवा, ओळ संपली की वाय.

शून्य म्हणजे तुमच्या विजेटचा डावा-वरचा कोपरा, सीएसएसमधलं पॅडिंग आणि बॉर्डर वजा करून. चाइल्डचं मार्जिनही जीटीकेच बघतं. मेझरमध्ये ते आधीच मिळवलेलं असतं. जीटीके ३ च्या उदाहरणांत स्वतःच्या अलोकेशनचा एक्स-वाय प्रत्येक चाइल्डला मिळवलेला दिसेल. तेव्हा ते बरोबर होतं. इथे तसं केलंत तर सगळी बटणं विनाकारण उजवीकडे आणि खाली ढकलली जातील.

अरबी, उर्दू, हिब्रू अशा उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या भाषांसाठी आरसा आपोआप लागत नाही. गेट_डायरेक्शनने दिशा विचारा. ती उजवीकडून असेल तर एक्सच्या जागी एकूण रुंदी वजा एक्स वजा चाइल्डची रुंदी. एका ओळीचं काम आहे, आत्ताच करून टाका.

रंगवण्यासाठी वेगळं काही लिहायची गरज नाही. मूळची डू_स्नॅपशॉट सगळ्या चाइल्डना क्रमाने रंगवते. तुम्हाला पट्टीमागे काही काढायचं असेल तर ती ओव्हरराइड करा, आधी तुमचं चित्र काढा आणि मग मूळ मेथड बोलवा. ती बोलवायची राहिली तर चित्र दिसेल आणि बटणं गुप्त होतील. चाइल्ड पट्टीच्या बाहेर रंगू नयेत असं वाटत असेल तर सेट_ओव्हरफ्लोने हिडन करा.

पायरी ६: चालवून बघा, आणि टर्मिनल उघडं ठेवा

विंडोत पट्टी घाला, पाच-सहा बटणं अपेंड करा आणि विंडो ओढून लहान-मोठी करा. पट्टीत शेकडो टॅग येणार असतील तर ती स्क्रोल्डविंडोमध्ये ठेवा आणि आडव्या स्क्रोलबारचं धोरण ‘नेव्हर’ करा, म्हणजे पट्टी रुंदीत मोडेल आणि फक्त उभी सरकेल.

टर्मिनल उघडं ठेवायचं ते एका खास कारणाने. डू_मेझरसारख्या मेथडा सी कडून बोलावल्या जातात. त्यांच्या आत पायथनचं एक्सेप्शन आलं तर ते वर कुणापर्यंत पोचत नाही. ट्रेसबॅक टर्मिनलवर छापला जातो आणि प्रोग्रॅम पुढे चालू राहतो. आयकॉनवर डबल-क्लिक करून प्रोग्रॅम सुरू करणाऱ्याला हे कधीच दिसत नाही.

जीटीकेच्या इशाऱ्यांपैकी तीन तुम्हाला हमखास भेटतील. मेझर न करताच साइज दिला जातोय, हा साइज कोडला कळला कुठून, अशा अर्थाचा एक असतो. तो आला की समजा कुठलातरी चाइल्ड मोजणीतून सुटलाय पण वाटणीत सापडलाय. दुसरा म्हणतो की अमुक विजेट इतक्या रुंदीसाठी मोजताय, पण त्याला किमान तितकी लागते. म्हणजे पायरी ३ मध्ये किमान रुंदीच्या खाली न जाण्याची अट सुटली. तिसरा, अलोकेशन नसताना स्नॅपशॉट घेतल्याचा. म्हणजे एखाद्या दृश्य चाइल्डला जागाच दिलेली नाही, किंवा डू_साइज_अलोकेटचं स्पेलिंग चुकलं. तिन्ही इशाऱ्यांचं मूळ बहुधा एकच निघतं: मोजणी आणि वाटणी यांनी वेगवेगळे चाइल्ड किंवा वेगवेगळे आकडे वापरले.

इशारा नेमका कुठून येतोय ते कळत नसेल तर जी_डीबग हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ‘फेटल-वॉर्निंग्ज’ असा ठेवून प्रोग्रॅम चालवा. पहिल्या इशाऱ्यालाच तो थांबेल. आणि कंट्रोल, शिफ्ट, डी एकत्र दाबलं की जीटीकेचा इन्स्पेक्टर उघडतो. त्यात प्रत्येक विजेटची प्रत्यक्ष रुंदी-उंची, रिक्वेस्ट मोड सगळं बघता येतं. प्रिंट टाकत बसण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

पायरी ७: आवराआवर

सी मध्ये लिहिणारे लोक डिस्पोझमध्ये सगळे चाइल्ड अनपॅरेंट करतात. ते केलं नाही तर कंटेनर नष्ट होताना ‘याच्यात अजून चाइल्ड शिल्लक आहेत’ असा इशारा येतो. पायथनमध्ये मात्र एकाच विजेटची दोन रूपं असतात, सी मधला ऑब्जेक्ट आणि त्याचं पायथन रॅपर, आणि शेवटी कोण आधी जाईल त्यावर विसंबून आवराआवर लिहिणं धोक्याचं. त्यापेक्षा ‘रिमूव्ह_ऑल’ ही मेथड लिहा: पहिला चाइल्ड आहे तोवर त्याला अनपॅरेंट करत राहा. विंडोच्या क्लोज-रिक्वेस्ट सिग्नलवर ती बोलवा, आणि पट्टी मधेच कायमची काढून टाकत असाल तर काढण्याआधीही. उघड लिहिलेली आवराआवर दिसायला थोडी ओबडधोबड वाटते, पण ती केव्हा चालेल हे तुम्हाला ठाऊक असतं.

मांडणी वेगळी काढायची असेल तर

हीच ओळींची मांडणी दुसऱ्या विजेटलाही हवी झाली, तर गणित लेआउटमॅनेजरमध्ये हलवा. जीटीके डॉट लेआउटमॅनेजरपासून क्लास काढायचा, त्यात डू_गेट_रिक्वेस्ट_मोड, डू_मेझर आणि डू_अलोकेट लिहायच्या. फरक एवढाच की प्रत्येकीला आता सेल्फनंतर विजेटही मिळतो, कारण मॅनेजर स्वतः विजेट नव्हे. चाइल्डची साखळी त्या विजेटकडून मागायची. अंतर बदललं की क्यू_रीसाइजऐवजी मॅनेजरची लेआउट_चेंज्ड बोलवायची. एखाद्याच चाइल्डसाठी वेगळी सेटिंग हवी असेल, समजा ‘याच्यानंतर ओळ मोड’, तर त्यासाठी लेआउटचाइल्ड नावाचा सोबतचा ऑब्जेक्ट असतो. जीटीके ३ मधल्या चाइल्ड प्रॉपर्टींचं काम आता तो करतो.

विजेटमध्ये सेट_लेआउट_मॅनेजर केल्यावर त्याच विजेटमधल्या जुन्या डू_मेझर आणि डू_साइज_अलोकेट पुसून टाका. मॅनेजर लावलेला असताना जीटीके त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाही, आणि पुढे कुणीतरी त्यांत दुरुस्ती करत बसतं नि काहीच का बदलत नाही म्हणून चक्रावतं.